जुनी मढी उकरावीत का?

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रात एक जुना वाद पुन्हा जागा होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म नेमका केव्हाचा? १९ फेब्रुवारी, फाल्गुन वद्य तृतीया, की वैशाख शुद्ध द्वितीया? दोन्ही-तिन्ही पक्षांचे वीर गेल्या वर्षीचीच शस्त्रे परजून उभे राहतात, आणि बाजूने जाणारा कोणीतरी वैतागून म्हणतो : “कशाला जुनी मढी उकरता?”

प्रश्न वैतागातून आलेला असतो म्हणून त्याला उत्तर देण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वास्तविक तो इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न आहे. एकदा चर्चा होऊन बाजूला ठेवलेला वाद पुन्हा उघडावा का? उघडायचा तर कोणी, केव्हा, आणि हाती काय घेऊन? त्यावर हा धागा. जरा लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

उत्तर आधीच सांगून टाकणे बरे : उघडावा, अवश्य उघडावा. मात्र उघडणाऱ्याने दोन गोष्टी सोबत आणाव्यात. पहिली म्हणजे नवा पुरावा, किंवा निदान जुन्या पुराव्याचे नवे वाचन. दुसरी म्हणजे त्या वादाचे आजवरचे संपूर्ण दप्तर, त्यात आपल्या विरोधात जाणारे कागदही आले. पहिल्या अटीचा पुकारा सगळेच करतात. दुसरीचा विसर जवळजवळ सगळ्यांनाच पडतो.

आता जन्मतिथीकडे वळू, कारण वाद कसा उघडावा याचा इतका चांगला धडा मराठी इतिहाससंशोधनात दुसरा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत महाराजांचा जन्म शके १५४९ मधील, म्हणजे इ. स. १६२७ मधील, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. आधार बखरींचा. वैशाख महिना बहुतेकांना मान्य होता. तिथी आणि वार यांबाबत मात्र बखरींत एकवाक्यता नव्हती. या बखरी महाराजांच्या निधनानंतर, काही तर शतकभराने, लिहिल्या गेलेल्या. तरीही १६२७ हे साल पाठ्यपुस्तकांत, पोवाड्यांत, व्याख्यानांत इतके रुळले होते की त्याला प्रश्न करणे म्हणजे उगाच खुसपट काढणे वाटावे.

हे खुसपट काढले लोकमान्य टिळकांनी. १८९६ मध्ये रायगडावरचा शिवोत्सव ज्यांच्या पुढाकाराने गाजला, त्यांनीच १९०० साली ‘केसरी’त जन्मतिथीच्या प्रश्नाची चर्चा केली. उत्सव चालवणाऱ्या माणसाने उत्सवाच्याच तिथीवर प्रश्नचिन्ह ठेवावे, याकडे आजच्या उत्सवी मंडळींनी थोडे थांबून पाहायला हरकत नाही. पुढे भोर परिसरातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली टिळकांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारे त्यांनी ती प्रसिद्ध केली. हीच जेधे शकावली.

शकावली हा प्रकार ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बखरीत कथा असते, रस असतो, संवाद असतात. शकावलीत शक, महिना, तिथी, वार आणि घडलेली गोष्ट, एवढेच. कोणी मेले, कोणी जन्मले, कोणता गड घेतला, कोणता गेला. जेधे शकावलीतील नोंदी १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या. तिच्यात महाराजांच्या जन्माची नोंद आहे : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी.

ही तिथी तेव्हाच्या युरोपीय जुन्या कालगणनेत बसवली की १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि त्या दिवशी वार शुक्रवारच होता. गणित कोणालाही करून पाहता येते. ज्याने आजवर केले नसेल त्याने करावे, कारण इतिहासात स्वतः पडताळून पाहण्यासारख्या गोष्टी मुळातच थोड्या असतात. पुढे कोणी हवेतून रचलेल्या नोंदीत तिथी, वार आणि संवत्सर असे तिन्ही जुळून येणे सोपे नसते.

तरीही एक शकावली म्हणजे एक साक्षीदार. एका साक्षीवर निकाल फिरवायचा कसा, ही शंका त्या वेळी घेतली गेली आणि ती रास्त होती. मग तंजावरहून कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची प्रत मिळाली. महाराजांच्या हयातीत रचलेले हे काव्य सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादून १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली; तिनेही याच तिथीला दुजोरा दिला. मावळातले एक देशमुख घराणे, दक्षिणेतले तंजावर आणि मारवाडातले जोधपूर. तीन ठिकाणचे, तीन प्रकारचे, एकमेकांशी संबंध नसलेले कागद एकच तिथी सांगू लागले, तेव्हा १६२७ चा पाया ढासळला.

पाया ढासळला म्हणून वाद मिटला असे मात्र नव्हे. १९६६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या प्रश्नासाठी समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, ब. मो. पुरंदरे अशी जाणती माणसे तीत होती, आणि समितीत एकमत झाले नाही. पुढे कितीतरी वर्षे सरकारी शिवजयंती वैशाखातच होत राहिली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली ती बऱ्याच उशिरा, एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एवढ्या साठ-सत्तर वर्षांत हा वाद अनेकदा उघडला गेला, आणि प्रत्येक वेळी टेबलावर काहीतरी नवे पडत होते : कधी शकावली, कधी काव्य, कधी कुंडली, कधी एखाद्या जुन्या नोंदीची नवी चिकित्सा. आज दरवर्षी फेब्रुवारीत तो उघडला जातो तेव्हा टेबलावर काय पडते? बहुधा आवाज.

शिवाय आजच्या वादात एक गफलत आहे. १६२७ की १६३० हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याला पुराव्याचे उत्तर आहे. तारखेने साजरी करावी की तिथीने, हा मुळी इतिहासाचा प्रश्नच नाही. १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया हा त्या वर्षीचा एकच दिवस. आजच्या ग्रेगरियन कालगणनेचा आग्रह धरला तर तो दिवस १ मार्च १६३० असा लिहावा लागेल. दिवस तोच, मोजपट्ट्या तीन. कोणती मोजपट्टी उत्सवासाठी वापरावी हे समाजाने आवडीनिवडीने ठरवावे. त्यासाठी जेधे शकावलीला वेठीला धरू नये. दोन निराळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले की ते गाठोडे कितीही वेळा सोडले तरी आतून तेच निघते.

आता ‘उकरू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू. ती दुर्बळ नाही.

इ. स. पूर्व ४०३ मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट उलथून लोकशाही परत आली. मारलेल्यांचे नातलग आणि मारणाऱ्यांचे पाठीराखे एकाच नगरात राहणार होते. नगराने शपथ घेतली : झालेल्या गोष्टींचा डूख धरणार नाही. मूठभर प्रमुख अपराधी वगळता कोणावरही जुन्या प्रकरणासाठी खटला भरता येणार नव्हता. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील दीर्घ यादवीनंतर १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नान्तचा फर्मान काढला. त्याच्या आरंभीच्या कलमांतच, उभय पक्षी जे घडले त्याची स्मृती विझलेली समजावी, जणू ते घडलेच नाही, असा हुकूम आहे.

जखमा ओल्या असताना असा दरवाजा लावून घ्यावा लागतो, हे अमान्य करण्यात अर्थ नाही. पण या दोन्ही ठिकाणी बंदी होती ती सूडावर आणि फिर्यादीवर. अथेन्समध्ये तीस जुलमींची हकीकत क्सेनोफोनने लिहिलीच, आणि ती आज वाचता येते. सूडाचा दरवाजा बंद करणे आणि चौकशीचा दरवाजा बंद करणे यांत फरक आहे. ‘मढी उकरू नका’ म्हणणारे दोन्हींना एकच कुलूप घालू पाहतात.

मराठी मुलखाने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला होता, आणि तो अथेन्सपेक्षा घराजवळचा असूनही कमी माहितीचा आहे. त्यावर थोडे रेंगाळू.

सतराव्या-अठराव्या शतकातील आपल्याकडचे बहुसंख्य दिवाणी वाद वतनाचे. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचे, देशमुखीत थोरला कोण आणि धाकटा कोण. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे; होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, हा मानही त्यातच. माणूस शेत सोडील, मान सोडणार नाही. त्यामुळे हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत. आजोबा हरलेला खटला नातू पुन्हा उभा करी.

त्याला कारणेही भरपूर होती. निजामशाही गेली, आदिलशाही आली. ती हटली, स्वराज्य आले. मग मोगल, मग पुन्हा मराठे. सत्ता पालटली की हरलेल्या पक्षाच्या आशा पालवत. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीला असताना तर माणसे आपल्या बाजूला राखण्यासाठी छत्रपतींकडूनही वतने दिली गेली आणि औरंगजेबाकडूनही. एकाच वतनावर परस्परविरोधी सनदा निघाल्या. पुढे शाहू महाराजांच्या काळात त्या साऱ्या सनदा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. त्यात ‘आमचे कागद धामधुमीत गेले’ ही सबब कोणालाही देता येण्याजोगी, आणि पुष्कळदा खरीही. बनावट कागद करणारेही होतेच.

अशा मुलखात वाद कायमचा बंद करणे अशक्य, आणि रोज उघडणे परवडणारे नव्हे. यासाठी घडलेली रीत पाहण्यासारखी आहे.

गोतसभा किंवा मजालस बसे. पाटील, बलुतेदार, आसपासच्या गावांचे लोक, परगण्याचे देशमुख-देशपांडे हजर असत. सुनावणीपूर्वी दोन्ही वाद्यांकडून राजीनामा घेतला जाई. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हा त्याचा अर्थ ‘राजी असल्याचा लेख’ असा होता. ही सभा जो निवाडा करील तो मान्य, हे आधी लिहून द्यायचे आणि मग तोंड उघडायचे. त्यावर जामीनही द्यावा लागे. मग अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजच्या भाषेत वादी आणि प्रतिवादी, आपापल्या तकरीरी देत. कागदपत्र, भोगवटा, साक्षी तपासल्या जात. काहीच निष्पन्न झाले नाही तर दिव्य : उकळत्या तेल-तुपातून धातूचा रवा काढायचा, मग हात पिशवीत घालून त्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी ती उघडून पाहायची.

निवाडा झाला की जिंकलेल्याला निवाडपत्र मिळे, किंवा सभेचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या अवजारांची चिन्हे. जिंकलेला हरकी भरी, हरलेला गुन्हेगारी. आणि हरलेल्याकडून जिंकलेल्याला आणखी एक कागद लिहून द्यावा लागे : यजितखत. आपला दावा खोटा ठरला, यापुढे या वतनाशी आपला संबंध नाही, पुन्हा कज्जा करणार नाही, अशा आशयाचा.

म्हणजे वादाला कुलूप घातले गेले, आणि किल्ली हरलेल्याच्याच हस्ताक्षरात जिंकलेल्याच्या घरी गेली.

तरीही वाद उघडत. सभा पक्षपाती होती, मोठा माणूस आड आला, साक्षीदारांना धाक घातला, हरवलेला कागद आता सापडला, अशा कारणांनी हरलेला पुन्हा उभा राही आणि दुसऱ्या थळाची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेची मागणी करी. ती पुष्कळदा मान्यही होई. पण त्याला सोयीपुरता अर्धा वाद मांडता येत नसे. त्याच्यासमोर त्याच्याच घराण्याचे यजितखत ठेवले जाई आणि त्याचे उत्तर त्याला द्यावे लागे. नव्या निवाड्याच्या कागदात जुन्या भांडणाची हकीकत पुन्हा लिहिली जाई : कोणी केव्हा काय म्हटले, कोणत्या सभेने काय ठरवले, मग काय बिनसले. आज हे महजर वाचताना कंटाळा येतो तो याच लांबणीमुळे, आणि त्यांची किंमतही याच लांबणीत आहे. सभा चुकली असेल तर कुठे चुकली हे तीनशे वर्षांनंतरच्या वाचकालाही दिसू शकते, कारण तिने आपल्या विचाराची वाट पुसून टाकलेली नाही. दिव्याने झालेल्या निवाड्याचे तसे नाही. हात पोळला की नाही, एवढेच उरते. त्यात तपासण्यासारखे काही नसते.

प्रकरणाच्या साद्यंत हकीकतीला करीना म्हणत. वाचकांना इथे काही आठवले असेल. होय, ‘जेधे करीना’ तो हाच. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीसाठी जेध्यांनी काय सोसले, खोपड्यांशी वैर कसे चालले, याची त्या घराण्याने सांगितलेली हकीकत. आणि ज्या शकावलीने शिवजन्माचा वाद फिरवला, तीही याच घराण्याच्या दप्तरातली. आपले वतन कधी ना कधी पुन्हा वादात सापडेल या धास्तीपायी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कागदांतच महाराजांच्या जन्माची तिथी सुखरूप राहिली. वाद पुन्हा उघडण्याची शक्यता नसती तर ते दप्तर जपण्याचे त्यांना कारणच काय होते?

वतनांचे हे शेकडो कागद पुढे वि. का. राजवाडे आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, कित्येकदा वाळवीच्या तोंडून सोडवून आणले. मराठ्यांच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग त्यांवर उभा आहे. भांडकुदळ पूर्वजांचे हे ऋण फारसे कोणी मानत नाही.

आता असे एक उदाहरण, जिथे वाद उघडला गेला नसता तर एका माणसावर झालेला अन्याय तसाच राहिला असता.

छत्रपती संभाजी महाराजांचा वध १६८९ चा. त्यांच्याविषयी मराठी मनात जे चित्र दीर्घकाळ ठसले होते, त्याचा एक मोठा स्रोत म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनांनंतर सव्वाशे वर्षांची. हे मल्हार रामराव बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी कटाच्या आरोपावरून १६८१ मध्ये देहदंड दिला होता. बखरकाराने जाणूनबुजून सूड उगवला असे म्हणण्याचे कारण नाही. घरात जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली ती त्याने लिहिली. पण ज्या घरात ती सांगितली गेली ते घर कोणते, हे वाचकाला ठाऊक हवे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील कितीतरी नाटके, कादंबऱ्या आणि पाठ्यपुस्तके त्याच कथेवर पोसली गेली. बखरीचे घर कोणते हे बहुतेकांनी विचारले नाही.

वा. सी. बेंद्रे यांनी हे प्रकरण उघडले. कित्येक दशके कागद गोळा केले, त्यासाठी इंग्लंड गाठले, मराठी बखरींच्या समोर इंग्रज, पोर्तुगीज आणि मोगल बाजूची समकालीन साधने ठेवली, आणि १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चे. तिकडे गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तर लावून ठेवल्यामुळे मराठे-पोर्तुगीज संबंधांवर नवा प्रकाश पडला होता. या सर्वांतून उभा राहिला तो दख्खनेत स्वतः उतरलेल्या औरंगजेबाशी सात वर्षांहून अधिक काळ झुंजणारा, सिद्दी आणि पोर्तुगीज यांनाही त्याच वेळी अंगावर घेणारा राज्यकर्ता.

‘उकरू नका’ हा सल्ला बेंद्र्यांनी ऐकला असता तर?

पण त्यांच्या कामाचा दुसरा भाग आज सोयीस्करपणे गाळला जातो. बेंद्र्यांचा निष्कर्ष उचलला जातो, त्यांचे दप्तर नाही. संभाजी महाराज १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले आणि सुमारे वर्षभराने परतले, हे दप्तरात आहेच. का गेले, कोणत्या परिस्थितीत, त्यात घरातल्या कलहाचा वाटा किती, यावर वाद घालावा. खूप घालण्यासारखा आहे. तो प्रसंगच नाहीसा करणाऱ्याने चिटणीसांची बखर उलटी करून लिहिली, इतकेच. एका कथेच्या जागी दुसरी कथा बसली की प्रकरण पुन्हा उघडण्याची वेळ येते, आणि ज्यांनी ते पहिल्यांदा उघडले त्यांचेच अनुयायी मग दाराशी कुलूप घेऊन उभे असतात.

जुने वाद आज इतके वारंवार आणि इतके निष्फळ का उघडतात, याचे एक साधे कारण असावे. उघडणाऱ्याला काही मोजावे लागत नाही. वतनदाराला थळ बदलून मागताना जामीन द्यावा लागे, हरला तर गुन्हेगारी भरावी लागे, यजितखत लिहून चार गावांसमोर मान खाली घालावी लागे. बेंद्र्यांनी उमेदीची वर्षे मोजली. आजच्या उघडणाऱ्याचे जास्तीत जास्त अर्धा तास जातो. दंड बसवावा असे कोणी म्हणणार नाही. पण राजीनाम्याची रीत पुन्हा आणायला काय हरकत आहे? वादाला तोंड फोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एवढेच सांगावे की कोणता पुरावा पुढे आला तर आपण आपले मत सोडू. ज्याला असा एकही पुरावा कल्पिता येत नाही, त्याच्याशी जेधे शकावली उघडून बसण्यात दोघांचाही वेळ जातो.

याच्या उलट बाजूचाही एक दोष नोंदवला पाहिजे, कारण तो अभ्यासकांमध्ये अधिक आढळतो. ‘हे अमुक साली अमुकांनी सिद्ध केले आहे’ असे म्हणून नवख्याला गप्प बसवणे. अठरा-वीस वर्षांचा मुलगा १६२७ की १६३० असे विचारतो तेव्हा तो वाद उघडत नसतो. तो पहिल्यांदाच त्या दारापाशी आलेला असतो. त्याला निकाल सांगून परत पाठवणे सोपे आहे. त्याला शकावलीतील नोंद दाखवावी, वार जुळवून पाहायला सांगावे, समितीत एकमत का झाले नसेल यावर विचार करायला लावावे. त्यातले दहाजण कंटाळतील. अकरावा कदाचित मोडी शिकेल.

आणि मोडी शिकणाऱ्यांची गरज खरोखर आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसायांनी १९३०च्या आसपास निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तेवढ्यावर अठराव्या शतकाचा इतिहास कितीतरी ठिकाणी नव्याने लिहावा लागला. निवडक, हा शब्द इथे महत्त्वाचा. न निवडलेले कागद त्याहून कितीतरी पटींनी अधिक, रुमालांत बांधलेले, आजही त्याच दप्तरखान्यात आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग अजून कोणी वाचलेला नाही.